ह्याला फरशीचा वास येतोय

बाणेरच्या एका कॅफेत लॅव्हेंडर लाते तीनशे ऐंशी रुपयांना मिळते. वर फिकट जांभळा फेस, फेसावर तीन वाळलेल्या कळ्या. मी ती आधी फोनला दाखवली, मग प्यायले. आवडली. खोटं कशाला बोलू? गेल्या दोन-तीन वर्षांत हे फूल सगळीकडे दिसायला लागलंय. आइस्क्रीममध्ये, चीजकेकमध्ये, लिंबू सरबतात. स्टारबक्सने मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत लॅव्हेंडरची पेयं आणली आणि आपल्याकडच्या रीलमध्ये ती लगेच पोचली. मीही ही लाट मनापासून अंगावर घेतली. वाळलेल्या कळ्यांची पुडी ऑनलाइन मागवली, रात्री जागून रेसिपी वाचल्या, आणि मागच्या मे महिन्यात आई मिरजेहून राहायला आली तेव्हा तिच्यासाठी लॅव्हेंडरचं श्रीखंड केलं.

आईने चमचा तोंडाजवळ नेला, थांबली, वास घेतला.

“अगं, ह्याला फरशीचा वास येतोय की.”

आई एकवीस वर्षं मिरजेतल्या एका खासगी दवाखान्यात सफाईचं काम करत होती. पेशंट, नातेवाईक, डॉक्टर, सगळे तिला ‘मावशी’ म्हणायचे. तिचं नाव फक्त पगाराच्या रजिस्टरमध्ये होतं. आधी फरशी पांढऱ्या फिनाइलने पुसली जायची. नंतर कधीतरी पाच लिटरच्या कॅनमधून जांभळं द्रव यायला लागलं, कॅनवर लॅव्हेंडरच्या तुऱ्यांचं चित्र. मी शाळा सुटली की थेट दवाखान्यात जायचे आणि जिन्याखालच्या बाकावर गृहपाठ करायचे. तो वास माझ्या वह्यांना होता, आईच्या हातांना होता.

म्हणजे तो मलाच आधी ओळखू यायला हवा होता. कॅफेत पैसे मोजून प्यायले तेव्हा मला तो आलाच नाही. श्रीखंड फसलं याचं फार वाईट वाटलं नाही, पण ही गोष्ट टोचत राहिली. म्हणून ह्या फुलाच्या मागे लागले. आईचं बरोबर होतं, की मी नुसती कळ्या जास्त घालून बसले होते?

लॅव्हेंडरच्या जवळजवळ प्रत्येक रेसिपीच्या तळाशी एक सूचना असते: जपून वापरा, नाहीतर साबणासारखं लागेल. मी हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय की आता ते डोळ्यांना दिसतच नाही. पण त्यात एक मोठं गृहीतक लपलेलं आहे. जणू साबण हा फुलाच्या आत दडून बसलेला गुण आहे आणि चमचा थोडा जास्त भरला की तो बाहेर येतो. खरं तर लॅव्हेंडरला साबणाचा वास येत नाही, साबणाला लॅव्हेंडरचा येतो. साबणवाल्यांनी तो उचलला, पावडरवाल्यांनी उचलला, फरशीवाल्यांनी उचलला. तुमच्या नाकाची त्याच्याशी पहिली ओळख बाथरूममध्ये झाली असेल तर स्वयंपाकघरात तो पाहुणा म्हणून येतो, आणि चुकीच्या दाराने आलेला वाटतो.

पुदिन्याचं बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक टूथपेस्टमध्ये पुदिन्याच्या कुळातलाच गारवा असतो. तरी पाणीपुरीच्या पाण्याला कुणी टूथपेस्टची चव आहे म्हणत नाही, कारण आपल्याकडे चटणी आधी आली, पेस्ट नंतर. लवंगेच्या तेलाचा वास दंतवैद्याच्या खोलीत भरून असतो, पण मसालेभात खाताना कुणाची दाढ ठणकत नाही. गुलाबाचं नेमकं उलटं. गुलकंद आपल्याला गोड वाटतो आणि पाश्चात्त्य देशांतल्या कित्येकांना गुलाबपाणी घातलेली मिठाई म्हणजे आजीच्या न्हाणीघरातली साबणाची वडी वाटते. रेणू तेच, आधी भेटण्याची जागा वेगळी.

(कोथिंबीर साबणासारखी लागणारी माणसं असतात, त्यांची गोष्ट निराळी. तिथे पानातली अल्डिहाइड्स आणि वास ओळखणाऱ्या एका जनुकाचा संबंध सापडलाय. तो शरीराचा मामला झाला. आईचा नव्हता. ती कोथिंबिरीशिवाय पोहे खात नाही.)

आता रेणूंचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू. लॅव्हेंडरच्या सुगंधात दोन मुख्य घटक असतात, लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट. ह्यातलं लिनालूल आपल्या घरात आधीपासून आहे, आणि भरपूर आहे. धन्यांच्या तेलात साठ-सत्तर टक्के तेच असतं. म्हणजे आई रोज सकाळी आमटीत धनेपूड घालते तेव्हा ती लॅव्हेंडरच्या निम्म्या वासाशी ओळख ठेवूनच असते. हे कळल्यावर मला जरा आधार वाटला. मग अडचण कुठे आहे? अडचण तिसऱ्या गोष्टीत आहे. कापरात.

लॅव्हेंडर म्हणून जे विकलं जातं ते एकच झाड नसतं. एक असतं खरं लॅव्हेंडर, अरुंद पानांचं, उंचावर वाढणारं. त्याच्या उत्तम तेलात कापराचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. दुसरं असतं लॅव्हेंडिन. खरं लॅव्हेंडर आणि रुंद पानांची त्याची भावंडं ह्यांचा हा संकर. त्याला बी धरत नाही, फांद्या लावून वाढवावं लागतं, पण झुडूप मोठं होतं आणि तेल कितीतरी जास्त देतं. त्याच्या ग्रोसो ह्या सगळ्यात जास्त लावल्या जाणाऱ्या जातीच्या तेलात सहा-आठ टक्के कापूर असतो. स्वस्त आणि भरपूर असल्यामुळे ते जातं कुठे? मुख्यतः साबण, कपड्यांची पावडर आणि सफाईच्या द्रवांमध्ये.

माझ्या पुडीवर नुसतं ‘लॅव्हेंडर’ लिहिलं होतं. कळ्या चावून पाहिल्या. आधी गोडसर, मग जिभेच्या मागच्या बाजूला थंड, कडवट, देवघरातल्या आरतीसारखं काहीतरी. आईच्या नाकाने बहुधा तेच पकडलं होतं, आणि तिने त्याला तिच्या आयुष्यातलं नाव दिलं.

इथून मी प्रोव्हान्सकडे वळले, कारण प्रत्येक रेसिपीच्या सुरुवातीला तेच असतं. दक्षिण फ्रान्समधली उन्हाळी दुपार, जांभळ्या रांगा, दगडी घर, पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा. आता ही परंपरा तपासायला घेतली की हातात फार काही उरत नाही. प्रोव्हान्सच्या स्वयंपाकाचं जे पुस्तक तिथे घरोघरी प्रमाण मानलं गेलं, ते रेबुल ह्या स्वयंपाक्याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात हजाराहून अधिक पाककृती आहेत. लॅव्हेंडर एकाही पाककृतीत नाही. ‘एर्ब द प्रोव्हान्स’ नावाचं जे सुक्या पाल्यांचं मिश्रण जगभर बरण्यांतून विकलं जातं, त्याच्या अमेरिकन बरण्यांत लॅव्हेंडर सर्रास असतं. पण फ्रान्समध्ये २००३ मध्ये ह्या मिश्रणाच्या दर्जासाठी ‘लेबल रूज’ची जी मोजमापं ठरली, त्यात रोझमेरी, सेव्हरी आणि ओरेगॅनो प्रत्येकी २७ टक्के, थाइम १९ टक्के. झाली बेरीज शंभर. लॅव्हेंडरला जागाच नाही.

मग प्रोव्हान्सची माणसं लॅव्हेंडरचं करत काय होती? अत्तरासाठी गाळत होती. पुरचुंड्या बांधून कपड्यांच्या कपाटात ठेवत होती. खाण्यात ते यायचं ते मधमाश्यांच्या मार्फत. लॅव्हेंडरचा मध तिथे मानाचा आणि मोंतेलिमारच्या नूगा नावाच्या मिठाईत तो पडतो. स्वयंपाकाचं काम माशीकडे सोपवणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. ह्या फुलाचं युरोपी नावही धुण्यावरूनच पडलं असं बरेच जण सांगतात, लॅटिनमधल्या ‘लावारे’वरून. काही जण निळसर रंगाच्या शब्दावरून सांगतात. भाषातज्ज्ञांचं ह्यावर एकमत नाही. माझ्या आईचं मात्र आहे.

आणि तो फोटो. लॅव्हेंडर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो येतो तो, क्षितिजापर्यंत जाणाऱ्या जांभळ्या रांगांचा. तो बहुतेक वेळा व्हालांसोलच्या पठारावरचा असतो. ते पठार पाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या त्या गोल, गुबगुबीत रांगा मुख्यतः लॅव्हेंडिनच्या आहेत. ओत-प्रोव्हान्सच्या ज्या खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलाला १९८१ पासून संरक्षित नाव आहे, ते आठशे मीटरच्या वरच्या शेतातूनच यावं लागतं. तिथली झुडपं लहान आणि विरळ असतात, फोटोत एवढी भरत नाहीत. म्हणजे कॅफेच्या भिंतीवरचं ते शेत बऱ्याच अंशी कपडे आणि फरश्या धुण्यासाठी पिकवलेलं. आईने श्रीखंड न खाताच ओळखलं ते बरोबर होतं, इतकं की तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

इथे थांबून मला एक सोपा निष्कर्ष टाळायचाय. परंपरा खोटी म्हणून पदार्थही खोटा, असं मी म्हणत नाही. असं म्हणायला गेलं तर आपली पंचाईत होईल. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतला, आणि तो आपण उपासाला चालतो असं ठरवून मोकळे झालो. स्वयंपाकात नवीन येणं हा गुन्हा नाही. पाककृतीला जुनं जन्मप्रमाणपत्र हवंच असं नाही, ती पानात चांगली लागली पाहिजे. लॅव्हेंडरच्या ज्या पाककृती सध्या फिरताहेत त्या इथेच कमी पडतात, आणि त्या का कमी पडतात हे मला आता थोडंफार समजलंय असं वाटतं.

त्या सगळ्या लॅव्हेंडरला फूल समजतात. म्हणजे गुलाब समजतात. दूध, साय, साखर, पांढरा पदार्थ, त्यात फुलाचा सुगंध, वर कळ्या पसरलेल्या. गुलाब आणि केवडा दुधात शोभतात, कारण त्यांच्यात कडवटपणा आणि कापूर जवळपास नसतो. लॅव्हेंडर कुळाने तुळशीचं. पुदिना, सब्जा, थाइम, रोझमेरी ही त्याची भावकी. चुलत्यांचा स्वभाव त्याच्यात उतरलाय: तिखटपणा, थोडी औषधी झाक, तेलकट कडू शेवट. तुळशीची बासुंदी कुणी करत नाही. मग लॅव्हेंडरची का करतो? जांभळं दिसतं म्हणून.

आणि तेही खरं नाही. वाळलेल्या कळ्या गरम दुधात टाकून पाहा. दूध जांभळं होत नाही, राखाडी होतं, पोछा पिळलेल्या पाण्यासारखं मळकट. लिंबू असलेल्या पाण्यात जरा गुलाबी झाक येते, तेवढंच. कपातला तो गोड जांभळा रंग कुठूनतरी वेगळा आणून घालावा लागतो. एक पदार्थ आपल्या नावाचा रंग बाहेरून उसना घेतो, वासाची मात्रा इतकी वाढवतो की पहिल्या घोटात नाव कळावं, आणि मग वर कळ्या टाकून सही करतो. हे स्वयंपाकापेक्षा पॅकेजिंगच्या जवळचं काम आहे. मी ॲप बनवणाऱ्या कंपनीत काम करते, मला हे ओळखू येतं. बटण दिसलंच पाहिजे, नाहीतर युजर दाबणार नाही.

खरी खोच इथे आहे. मसाला उत्तम जमतो तेव्हा तो ओळखू येत नाही. गोड्या मसाल्यातलं दगडफूल वेगळं काढून हुंगलं तर ओल्या भिंतीचा वास येतो, पण भरल्या वांग्यात ते कुणी बोट दाखवून सांगू शकत नाही. ते नसलं तर मात्र काहीतरी कमी आहे हे कळतं. नागकेशर तसंच. शिवाय आपल्या डब्यात फुलं पहिल्यापासून आहेतच: लवंग ही न उमललेली कळी, केशर हे फुलातले तंतू. आपण त्यांना कधी फुलं म्हणून वागवत नाही, लवंगेचा गुच्छ करून आइस्क्रीमवर ठेवत नाही. लॅव्हेंडरला अशी वागणूक मिळालेली एक जागा मला सापडली ती मोरोक्कोत. तिथल्या रास अल हानूत ह्या वीस-पंचवीस जिनसांच्या मसाल्यात पुष्कळदा वाळलेलं लॅव्हेंडर असतं, गुलाबकळ्यांच्या, मिरीच्या, दालचिनीच्या, सुंठीच्या सोबतीने. नावाचा अर्थ ‘दुकानातलं अव्वल’. दुकानदार आपल्याकडचं उत्तम ते त्यात घालतो. तिथे ते गर्दीत असतं आणि मटणाबरोबर तासभर शिजतं.

पण गर्दीतली चव मेनूवर तीनशे ऐंशीला विकता येत नाही. विकायची तर ती एकटी उभी करावी लागते, आणि एकटं उभं केलं की लॅव्हेंडर फरशी होतं.

मग मी पुन्हा करायला घेतलं, ह्या वेळी मसाला समजून. कळ्या बदलल्या. जम्मू-काश्मीरमधल्या डोडा जिल्ह्यात, भदरवाहला, आता लॅव्हेंडरची शेती होते. सीएसआयआरच्या अरोमा मिशनमधून २०१६ नंतर तिथे रोपं गेली, मक्याच्या जागी पुष्कळ शेतकऱ्यांनी हे लावलं, २०२२ मध्ये तिथे लॅव्हेंडरचा उत्सवही झाला. तिथलं पीक प्रामुख्याने खरं लॅव्हेंडर आहे आणि प्रामुख्याने तेलासाठीच आहे. काश्मिरी स्वयंपाकात ते नाही. तिथे फूल वापरायचं तर मावल, म्हणजे कोंबड्याच्या तुऱ्यासारखं लाल फूल, आणि तेही रोगनजोशला रंग येण्यासाठी. भदरवाहच्या एका विक्रेत्याकडून खाण्यासाठी म्हणून वाळवलेल्या कळ्या मिळाल्या. (खोलीत ठेवायच्या सुगंधी पिशव्यांमधल्या कळ्या किंवा बाटलीतलं तेल पदार्थात घालू नका. पहिल्यावर काय फवारलंय सांगता येत नाही आणि दुसरं फार तीव्र असतं.)

मटण आधी केलं. धने, मिरी, दालचिनी कोरडी भाजताना शेवटी दोन चिमूट कळ्या, लगेच उतरवून कुटल्या. एक किलोला दोन चिमूट, बस. रूममेटनी बोटं चाटली आणि धने कुठले वापरलेस विचारलं. लिनालूलला लिनालूल भेटलं होतं, वेगळं ओळखू येण्याचं कारणच उरलं नव्हतं. बटाट्यांचं दुसरं. लहान बटाटे उकडून लोण्यात लसूण, मिरी आणि अर्धी चिमूट कुटलेल्या कळ्या घालून परतले. हे तर इतकं बरं झालं की दर आठवड्याला होतं. सरबत फसलं. ते फसणारच होतं.

मग नानकटाई. पाव किलो मैदा, दीडशे ग्रॅम तूप, सव्वाशे ग्रॅम साखर. साखर दळतानाच तिच्यात सपाट अर्धा छोटा चमचा कळ्या टाकल्या, चाळून भुसा काढला आणि ती पिठीसाखर डब्यात रात्रभर झाकून ठेवली. चिमूटभर मीठ, थोडी वेलची, लिंबाच्या सालीचा कीस. ह्या फुलातलं तेल पाण्यापेक्षा तुपात चांगलं उतरतं आणि भट्टीत त्याचा टोकदारपणा जातो. बाहेर आल्या तेव्हा फिकट बदामी होत्या, जांभळ्याचा मागमूस नाही. चव आधी तुपाची, मग वेलचीची, आणि गिळल्यावर थोड्या वेळाने काहीतरी हिरवं, पाऊस पडून गेलेल्या रानासारखं. ह्या पदार्थाला मी कॅफेतल्या लातेपेक्षा बराच वरचा नंबर देईन, आणि रीलमध्ये तो अगदीच सामान्य दिसतो.

दिवाळीला आई आली. डबा समोर ठेवला, काही सांगितलं नाही. टीव्ही बघत तिने एक खाल्ली. मग दुसरी घेतली. “तूप चांगलंय,” म्हणाली. “वेलची जरा अजून घालायचीस.”

मला गप्प बसवेना. हे तेच आहे, मे महिन्यातलं, असं सांगून टाकलं.

तिने हातातली अर्धी नानकटाई नाकाशी नेली. बराच वेळ हुंगत राहिली. मग ती बशीत ठेवून दिली.

“मग सांगितलंस कशाला?” म्हणाली. “खाल्ली असती की मी.”